बिश्केकला मला सोडायला आलात तेव्हा

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. आज खुर्सीपारच्या दवाखान्यात एक बाई मला म्हणाली, "आपके पिताजी ने कितना सोचके आपको डाक्टर बनाया," आणि मी तिच्या दंडावरचा बीपीचा पट्टा इतका फुगवला की ती ओरडली. तिची काय चूक? सगळ्या भिलाईला हेच ठाऊक आहे, की प्लांटमधल्या एका साध्या क्रेन ऑपरेटरनं पोरीला परदेशात शिकवलं. त्या पोरीला रायपूरच्या शेतकी कॉलेजात प्रवेश मिळाला होता, हे कुणाला ठाऊक नाही. तुम्ही ड्युटीवरून आलात, बूट न काढताच ते पत्र वाचलंत आणि म्हणालात, "शेतीच करायची होती तं मी गाव सोडून इथं लोखंडात कायले आलो?" आई म्हणाली, "तिले आवडते तं जाऊ द्या ना." तुम्ही म्हणालात, "तिले काय समजते?" मी तिथंच, पाण्याचा पेला घेऊन उभी होते.

बिश्केकच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात माझं नाव घातलंत आणि स्वतः सोबत आलात, तीन दिवसांसाठी. शेजाऱ्यांना सांगत होतात, पोरीले सोडून येतो. मला वाटत होतं, वाटेत मी पळून जाऊ नये म्हणून येताय. बिश्केकला उतरलो तेव्हा सकाळ होती, काचेबाहेर पांढरे डोंगर, आणि सगळ्या पाट्या रशियन लिपीत. प्लांटमधली इंग्रजी ड्रॉइंगं वाचणारे तुम्ही त्या पाट्यांकडे मान वर करून बघत उभे राहिलात, आणि पहिल्यांदाच मला बुटके दिसलात. मला दया आली नाही. बरं झालं, असं वाटलं.

मग एका अधिकाऱ्यानं आपली बॅग उघडून प्रेशर कुकर बाहेर काढला. आईनं त्यात तिखट आणि तुरीची डाळ कोंबून दिली होती. त्यानं काय विचारलं ते आपल्या दोघांनाही कळलं नाही. तुम्ही गाल फुगवले, तोंडानं शिट्टी काढली आणि तीन बोटं दाखवलीत. तो हसला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, तुम्ही पुन्हा करून दाखवलंत. घरी आम्ही मोठ्यानं हसलो तरी ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ते परक्या माणसांसाठी कुकर झाले होते. वर माझ्याकडे बोट करून म्हणालात, "माय डॉटर. डॉक्टर." मी डॉक्टर नव्हते, बाबा. मी एकोणीस वर्षांची, रडून डोळे सुजलेली मुलगी होते.

होस्टेलच्या खोलीत खिडकीतून वारा येत होता. तुम्ही कणकेची खळ केलीत, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्यात आणि दोन दिवस फटी बुजवत बसलात. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. निघताना म्हणालात, "काही लागलं तं फोन कर." मी म्हटलं, "मले काय लागते, हे तुम्हीच ठरवता ना." तुम्ही मफलर सारखा केलात. "थंडीत डोकं झाकत जाय," एवढं बोलून टॅक्सीत बसलात.

आणि पुढच्याच हिवाळ्यात तुम्ही फुप्फुसाच्या दुखण्यानं इस्पितळात पडलात आणि आईला, दादाला शपथ घातलीत. "पेपर होईस्तोवर पोरीले काही सांगू नका. धावत येईल, तिचं साल वाया जाईल. विचारलं तं सांगा, ड्युटीवर गेले म्हणून." तुम्ही गेलात, शिवनाथ नदीच्या घाटावर सगळं झालं, तेरवीचं जेवण झालं, आणि मी तिकडे हाडांची नावं पाठ करत होते. शेवटचा पेपर देऊन आले तेव्हा दादानं फोनवर सांगितलं. मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "सोळा दिवस झाले." काय शिकायचं ते तुम्ही ठरवलंत, कुठल्या देशात ते ठरवलंत, मी कधी रडायचं तेही तुम्हीच ठरवलंत. मरण तुमचं होतं, पण बाप माझा होता ना?

परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथं द्यावी लागते ती लायसन्सची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झाले. काम मला येतं, आवडतंही. तुमच्यामुळे आवडतं, असं मात्र कुणी म्हणू नये.

आई आतून विचारतेय, "काय लिहून राहिली एवढं?" मी म्हटलं, "दवाखान्याचं." हे कागद मी कपाटात ठेवणार आहे, तिला दाखवणार नाही. अजूनही भांडण निघालं की मी तिला आणि दादाला म्हणते, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. ती खाली मान घालते, दादा उठून बाहेर जातो. पण बाबा, त्या सोळा दिवसांत मी घरी चार वेळा फोन केला होता. चारही वेळा तुमच्याबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांना खोटं बोलावंच लागलं नाही.