टोपी काढली की सगळे पुढे

२१ मार्च, रविवार

ताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. हे मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहितोय, नाहीतर पुढचं न वाचताच तू पिशवी भरायला घेशील.

तू इतक्या वेळा फोन केलास आणि दर वेळी तो हिनेच उचलला. त्यावर तू हिला म्हणालीस म्हणे, "एवढा काय मोठा माणूस झालाय, बहिणीशी बोलायला वेळ नाही?" अगं, वेळ भरपूर आहे, आवाज नाही. घसा बसलाय. डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलंय, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी आणि मौन! हस, पोट धरून हस. गळ्यात पाटी अडकवून फिरतो. ही तर म्हणते, लग्न झाल्यापासून इतकी शांत दुपार तिने पाहिली नव्हती. मी पाटीवर "चहा" लिहिलं की नेमका तिचा चष्मा सापडत नाही.

आपल्या घरात लहान आवाज होता कुणाचा, सांग? आईने गच्चीवरून मला हाक मारली की शेजारच्या गल्लीतली पोरंसुद्धा घाबरून आपापल्या घरी पळायची. तोच आवाज घेऊन मी मैदानावर उतरलो. छापखान्यातली बरी चाललेली नोकरी सोडून पोरांना फुटबॉल शिकवायला लागलो, तेव्हा बाबांनी अबोला धरला होता. तू एकटीच म्हणालीस, "जाऊ द्या हो बाबा, नाहीतरी हा दिवसभर ओरडतच असतो. त्याचा पगार मिळत असेल तर काय वाईट?" त्या ओरडायच्या पगारावर अख्खा संसार झाला बघ. तेव्हाच्या पोरांची पोरं आता माझ्याकडे शिकायला येतात. एक जण बस चालवतो. मी रस्त्याने नुसता चालत असलो तरी हा बस उभी करतो आणि सगळ्या प्रवाशांना ऐकवतो, "हे माझे सर! यांच्या शिव्या खाऊन सरळ झालो मी."

तर आता आवाजच नाही म्हटल्यावर मी मैदानावर करणार काय? क्लबच्या सेक्रेटरींनी गोड बोलून विचारलंच, "पुढच्या मोसमासाठी दुसरं कुणी बघून ठेवू का?" मी पाटीवर लिहिलं, "ही स्पर्धा होऊ द्या, मग सांगतो." पण ताई, पोरांना शिकवण्याखेरीज मला दुसरं येतं काय?

पोरांनीच तोडगा काढला. माझा यंदाचा संघ बारा वर्षांखालचा, मुलं-मुली एकत्र, एकेक नग. त्यांनी खुणा ठरवल्या. मी डोकं खाजवलं की सगळे मागे. नाक चोळलं की चेंडू उजवीकडून न्यायचा. आणि टोपी काढली की सगळे पुढे, गोलकीपरसकट, आर या पार! ही खूण अगदीच गळ्याशी आल्यावर वापरायची, असं बजावलं होतं मला. पहिल्याच सामन्यात माझ्या नाकावर एक माशी सारखी येऊन बसत होती, तर आमचा खेळ हाफटाइमपर्यंत उजवी बाजू सोडायला तयार नाही.

पण गंमत सांगू? मी गप्प झालो आणि पोरं एकमेकांशी बोलायला लागली. "मी आहे मागे!" "सोड, सोड, माझा!" आमच्या गोलकीपरला सगळे भिंत म्हणतात. ही एवढीशी पोरगी, पण गोलमधून अशी काही खणखणीत हाक देते की मला आईच आठवली. बघता बघता आम्ही उपांत्य फेरीत पोचलो.

आणि काल हरलो. माझ्यामुळेच. सामना बरोबरीत होता, संपतच आला होता, आणि मी टोपी काढली. उकडत होतं म्हणून. व्हायचं ते झालं. असो. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस उगाच.

*

ताई, इथवर लिहून पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात हिने पत्र वाचलं. आता चष्मा बरा सापडला! "उकडत होतं?" म्हणाली. "ताईंना असल्या थापा मारणार असाल तर हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. खरं लिहा."

खरं लिहितो. उकडत नव्हतं, आणि घसा नुसता बसलेला नव्हता. आमच्या भिंतीची आई घशाची डॉक्टर आहे. मोसमाच्या सुरुवातीला एका सामन्यात ती माझ्याशेजारी उभी होती. लेकीचा खेळ सोडून माझं ओरडणं ऐकत राहिली आणि म्हणाली, "सर, तुमचा आवाज मला बरा वाटत नाही. उद्या दवाखान्यात या." तपासलं तर स्वरयंत्रावर गाठ. ती काढली आणि तपासणीला पाठवली. तुला कळवलं नाही, कारण बाबांचंही घशापासूनच सुरू झालं होतं, आणि त्यांच्या उशाशी शेवटपर्यंत तूच होतीस. तेच पुन्हा तुझ्यापुढे कसं ठेवू? आणि मी घाबरलो होतो गं. फार घाबरलो होतो. तो शब्द मला पाटीवरसुद्धा लिहवला नाही.

काल ऐन सामन्यात डॉक्टरीणबाई चपला हातात घेऊन अवकाळी पावसाच्या चिखलातून धावत आल्या. "सर, साधी गाठ होती! काही नाही, साधी!" एवढंच म्हणाल्या. ताई, अशा वेळी माणूस काहीतरी बोलतो, निदान "अगं आई गं" तरी म्हणतो. मला तेवढंही म्हणता येईना. हात आपोआप डोक्याकडे गेला, टोपी काढली, तिच्यात तोंड खुपसलं आणि रडलो.

मान वर करून बघतो, तर आमची सगळी फौज समोरच्या गोलपाशी, आणि सगळ्यांच्या पुढे भिंत! समोरच्या संघातल्या एका पोराने हबकून चेंडू जो भिरकावला, तो टप्पे खात, सावकाश, आमच्या रिकाम्या गोलात जाऊन बसला.

सामना संपल्यावर सगळ्यांनी मला घेरलं. "सर, टोपी का काढली?" भिंत तर रागाने रडत होती. मी पाटीवर लिहिलं, "आनंद झाला." तिने ते वाचलं, मग आईकडे बघितलं. आईचेही डोळे भरलेले. काय समजायचं ते पोरगी समजली. बाहीने नाक पुसत म्हणाली, "मग ठीक आहे. पण पुढच्या वेळी आनंद झाला तर टाळी वाजवा ना, सर!"

डॉक्टरीणबाई म्हणतात, आवाज परत येईल, तुझ्याशी गप्पा मारता येतील, पण मैदानावर ओरडणं जन्माचं बंद. सेक्रेटरी शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण विचारलं भिंतीने, "पुढच्या वर्षी आहात ना, सर?" लिहायला गेलो तर पाटी कुणीतरी पळवलेली. मग मी सावकाश टोपी काढली.

ताई, सामना संपला होता, चेंडूसुद्धा नव्हता, आणि ती सगळी चिखलाने माखलेली कार्टी किंचाळत पुढच्या गोलकडे सुटली. सेक्रेटरी म्हणाले, "कळलं उत्तर."

पत्र मिळालं की फोन कर. लपवलं म्हणून आधी पोटभर शिव्या घाल. आता फोन मीच उचलेन. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आणि टकटक थांबतच नसेल तर समज, तू मध्येच गप्प झालीस ते मला चालत नाहीये. बोलत राहा.

आता गप्प बसायचा पगार घेणारा,
तुझा धाकटा