पार्किनसाहेबांच्या रस्त्यातली अकरा वळणे

अबू हलीफा, कुवेत
ता. १४ ऑगस्ट १९५८

जनाब नूरुद्दीन मामू यांच्या खिदमतीत भाचा कमालचा अदबीने सलाम. मी इकडे खैरियतीत आहे आणि बाणकोटास तुम्ही सर्व तसेच असाल अशी दुआ करतो. तुमचा उजवा गुडघा (मागच्या पत्रात मी डावा लिहिला होता, तो उजवाच ना? तसे असल्यास मागच्या पत्रातही दुरुस्त करून घ्यावे) आता जिना चढू देतो का ते कळवावे. खैरुन्निसा मामींच्या खोकल्यासाठी मध पाठवला आहे. डबा मी तीन वेळा उलटा धरून पाहिला, गळत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी कंपनीच्या नकाशा खात्यात हंगामी आहे. नकाशे काढत नाही, दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर अक्षरे घालतो. सातवीनंतर शाळा सुटली तरी अक्षर बिघडले नाही, ही तुमच्या छडीची मेहेरबानी. कायम व्हायला पार्किनसाहेबांची सही लागते. ते रजेवरून १ सप्टेंबरला परत येतात. त्या दिवशी सही झाली तर नोकरी, नाही तर मुंबईच्या बोटीचे तिकीट. एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

जुलैत साहेब विलायतेला निघाले. तिथे मोटारीने ऑक्सफर्डपासून पश्चिमेला, पार वेल्सच्या सरहद्दीजवळ, मडमेच्या आईकडे जायचे होते. मडमेच्या भावाने रस्त्याची हकीकत पत्रात लिहून पाठवली होती, पण अक्षर असे की मडमेला त्यात भावाचे नावही लागेना. साहेबांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवले आणि एका कार्डावर मोठ्या अक्षरांत उतरवून मागितले, म्हणजे साहेब मोटार हाकतील आणि मडम शेजारी बसून वाचत जाईल.

मामू, त्या रस्त्याने मला वेड लावले. इथे रस्ता सांगायचा म्हणजे काय, तर शहराकडे जाताना समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि येताना डाव्या. झाला रस्ता. तिकडचा रस्ता मोठा म्हणतात खरा, पण तो कुणाच्या तरी घरी निरोप द्यायला निघाल्यासारखा गावागावात शिरत जातो. एका गावाचे नाव आहे दलदलीतले मोरटन (स्वतःबद्दल इतके खरे सांगणारे गाव मी अजून पाहिले नाही). त्याच्या पुढे माशाची टेकडी. समुद्र तिथून कितीतरी लांब, मग मासा टेकडीवर कोणी नेला आणि कशाला, हे मी दोन दिवस नकाशात शोधत होतो. मग आलुबुखाराच्या बागा लागतात, आणि शेवटी लेमस्टर नावाचे गाव, ज्याच्या नावात लिहिताना दहा अक्षरे घालतात आणि बोलताना निम्मी गिळतात. तरीही तिथे टपाल पोहोचते म्हणे. कुंपणे झाडांची असतात. त्यांना पाणी कोण घालते, हे मात्र पत्रात नव्हते.

आता घोटाळ्याकडे येतो. पत्रात प्रत्येक वळणावर एक जनावर होते. लाल सिंहापाशी डावीकडे, पांढऱ्या हरणापाशी उजवीकडे, कोल्हा मागे टाकून सरळ. एवढ्या थंडीत सिंह जगतो कसा, आणि तो लाल कशाने झाला, म्हणून मी मजीदचाचांना विचारले. (हे श्रीवर्धनचे, माझ्या खोलीत राहतात, वीस वर्षे विलायती बोटींवर होते.) ते चहा खाली ठेवून हसले. म्हणाले, ‘‘अरे खुळ्या, सिंह पाटीवर रंगवलेला असतो. आत दारू पितात. तिकडे कुणालाही रस्ता विचार, हेच सांगणार. तुला काय मशीद सांगतील?’’

माझा टाक तिथेच थांबला. बोटीवर चढण्याआधी तुम्ही माझ्याकडून चार गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या. दारू पिणार नाही, वाहणार नाही, विकणार नाही, आणि कुणी विचारले तरी तिचे दुकान दाखवणार नाही. चौथी गोष्ट मला तेव्हा सगळ्यात सोपी वाटली होती. आणि इथे अकरा वळणे होती आणि अकरा दुकाने.

मजीदचाचा बोलता बोलता म्हणाले होते की अशा दुकानासमोर बहुतेक वेळा चर्च असते. म्हणून मी अकराही ठिकाणची जनावरे काढून चर्च घातले. कार्ड इतके सुबक झाले की साहेबांनी ते लांब धरून पाहिले आणि शाबास म्हणाले.

गेल्या शुक्रवारच्या टपालाने साहेबांचे पत्र आले. हेडक्लार्कने ते सर्वांसमोर वाचले. तिकडे दुकाने पुष्कळ आहेत, पण चर्च त्याहून पुष्कळ. मडम कार्ड वाचत गेली आणि साहेब वळत गेले. चार वेळा डावीकडे वळून ते निघाले होते त्याच चर्चपाशी आले. पहिल्यांदा तिथे लग्नाची माणसे आत जात होती, दुसऱ्यांदा नवरानवरी बाहेर येत होती, तिसऱ्यांदा वऱ्हाडाने त्यांना ओळखून हात हलवला. दुपारी एकचे जेवण होते, साहेब संध्याकाळी सहाला पोहोचले. मडमेची आई तेव्हापासून साहेबांशी बोलत नाही. (ही तक्रार होती की खुशाली, ते वाचताना कळले नाही.)

शेवटी लिहिले होते, की ज्याला अकरा वळणे उतरवता येत नाहीत त्याच्या हाती तेलाच्या नळाचा नकाशा कसा द्यायचा? त्याने मूळ पत्राशी ताडून, एकही ओळ न गाळता, परतीच्या रस्त्याचे नवे कार्ड ताबडतोब पाठवावे. ते पाहून सहीचे ठरवू.

तेव्हा मामू, फैसला तुम्ही द्यावा. मी दुकान दाखवत नाही, दुकानापासून वळायचे कुठे ते दाखवतो. शिवाय साहेबांना ही दुकाने माझ्या आधीपासून माहीत असावीत. तरीही तुम्ही नको म्हणालात तर मी कार्ड लिहिणार नाही आणि बोटीत बसेन. मामींना व सर्वांना सलाम.

तुमचा आज्ञेतला भाचा,
कमाल

ता. क. – तुमचे उत्तर यायला अठरा दिवस लागतील असा मी हिशेब केला. साहेब त्याआधीच निघतात. म्हणून कार्ड काल टपालात टाकले. तरी फैसला जरूर द्यावा.

आणखी ता. क. – फैसला होकाराचा असल्यास त्यावर १२ ऑगस्ट किंवा त्याआधीची तारीख घालावी, म्हणजे माझ्या कागदपत्रांत क्रम बरोबर राहील. नकाराचा असल्यास तारीख तुमच्या सोयीने घालावी.

शेवटचे ता. क. – कार्डात अकराही जनावरे आहेत, एक ओळ गाळलेली नाही. फक्त तुम्हाला दिलेल्या शब्दासाठी प्रत्येकापुढे मी सुंदर अक्षरात ‘बंद आहे’ असे लिहिले. मजीदचाचा म्हणतात की तिकडे ही दुकाने दुपारी काही तास बंदच असतात, म्हणजे अगदीच खोटे नाही. साहेब सकाळी निघणार आहेत हे मला आज कळले. दुआ करावी.