मिरच्यांच्या धुराची लढाई

सर, नववीत तुम्ही आम्हाला शिकवलेली आपल्या गावाची लढाई कधी झालीच नव्हती, हे मला गेल्या महिन्यात कळलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आता भांडायला येणार कुठे? म्हणून लिहितो आहे.

मी नंदुरबारला दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर मेण आणि प्लास्टर हाताशी असतं, त्यातूनच अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक घडवायचा नाद लागला. असे नादिष्ट लोक मोबाईलवरच्या एका गटात आहेत. जुन्या लढायांची सैन्यं बनवायची, टेबलावर मांडायची आणि फासे टाकून लढवायची. तिथे प्रत्येकाला आधी ठरवावं लागतं, काळ कुठला, एकच बाजू की दोन्ही, एक बाहुली म्हणजे किती माणसं. मला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन्ही बाजू बनवायच्या आणि लढाई आपली, तापी जिथे पायी ओलांडता येते तिथली.

तुम्ही ती सांगताय ते मला अजून दिसतं. दुपारचा तास आहे, पंखा बंद आहे. सहाशे वर्षांपूर्वी सुलतानाचं घोडदळ नदीत उतरतंय आणि आपल्या गावच्या बायका वाऱ्याची दिशा बघून वाळल्या मिरच्यांचे ढीग पेटवताहेत. घोडे खिंकाळतात, उलटे फिरतात, आणि नुसतं ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी खोकतो. मी हात वर करून विचारलं, सर, हे कुठल्या पानावर आहे? तुम्ही मला तास संपेपर्यंत उभं ठेवलंत. "पुस्तकमा समदं ऱ्हास का रे?" वर्ग हसला, मी ओशाळलो. पुढे दहावी संपेपर्यंत तुम्हाला काही विचारलं नाही. शंका बरोबर होती माझी, हेच जास्त लागलं आहे.

तीन महिने खपून मी चाळीस घोडेस्वार आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बावीस बायका बनवल्या. फोटो गटावर टाकले. पुण्याच्या एका गृहस्थांनी अगदी सभ्यपणे लिहिलं की मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, तुमच्या लढाईनंतर शंभरेक वर्षांनी. मी कपाळावर हात मारून घेतला. मिरचीच्या आधीही जग होतं, हे नंदुरबारच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. पथाऱ्यांवर वाळत घातलेला तो लाल सडा जन्मापासून बघतो आपण. तुमच्याही ध्यानात आलं नसेल.

तरी वाटलं, तपशील चुकला असेल, लढाई खरी असेल. म्हणून तुमची टिपणं मागायला तुमच्या घरी, काकूंकडे गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. "टिपणं कसाना? अरे भाऊ, ती लढाई त्यास्नी सोताच जोडेल व्हती. दुपारले पोरे वर्गमा झोपी जायेत ना." मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तुले इतला दिन खरी वाटनी?" मी चहा न घेता उठलो.

राग आला, सर. अजून आहे. तुम्ही मला फसवलंत. ही लढाई मी मुलीला सांगितली, सासुरवाडीत सांगितली, जिथे जाईन तिथे मान वर करून सांगितली. आपल्या गावात कधी काही घडलं नाही, असं खरं बोलला असतात, तर वर्गात झोपलो असतो फार तर, असा तोंडघशी पडलो नसतो.

आता सैन्याचं पुन्हा ठरवायला बसलोय. घोडेस्वार कुठल्याही खऱ्या लढाईत खपून जातील. बायका कुठेच चालणार नाहीत. त्या मोडून टाकल्या, आता कुणी शंका काढू नये, असं मी काल गटावर लिहूनही टाकलं. पुण्याच्या गृहस्थांनी लगेच अंगठा पाठवला.

सर, ते मी खोटं लिहिलं.