वाचवलेले तीन बाइट

प्रिय शहाणे,

हे पत्र तुझ्याआधी तुझी आई वाचणार आहे. पाकीट मी चिकटवायचं नाही, अशी तिची अटच आहे. तेव्हा तुला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी मी इथे फोड करून सांगितल्या तर चिडू नकोस. त्या तिच्यासाठी आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "उचलण्यासारखं काही बोलला होतात का?" पाच आठवडे घरात हे असं चाललंय.

तुझ्या खोलीत मी पाऊलही टाकलेलं नाही. म्हणजे एकदाच टाकलं. कपाटाच्या दोन फळ्या रिकाम्या दिसल्या, म्हटलं आपल्या जुन्या वायरी तिथे राहतील. आईने वायरींना आणि मला एकदमच बाहेर काढलं. रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला मी तरी काय करू? प्रवासाला निघताना मी तुझ्या बुटांत मोजे कोंबायचो आणि मोज्यांत साबण. शाळेच्या सहलीत पाऊस लागला आणि तुझ्या पायांना फेस आला, ते तू अजून चारचौघांत सांगतेस.

ऑफिसात तुझ्या वजनकाट्याच्या कोडकडेही मी याच नजरेने पाहिलं. (आता आईसाठी.) काटा होता जनावरांच्या दवाखान्यासाठी. खाली वजन घेणारं यंत्र, भिंतीवर आकडा दाखवणारा पडदा, आणि काटा पडद्याला एकामागून एक नोंदी पाठवणार. नोंदीत दोनच गोष्टी. प्राणी कुठला, याला एक बाइट, म्हणजे साठवणीचा एक कप्पा. वजन किती ग्रॅम, याला चार. झाले पाच. पण हिची नोंद आठ बाइटांची! कारण चार बाइटांचा आकडा चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसला, तर प्रोसेसरला तो एका दमात उचलता येतो. म्हणून सी भाषेचा कंपाइलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा, मधले तीन बाइट मोकळे सोडतो. हे मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. तरी ते तीन बाइट माझ्या डोळ्यांत सलत राहिले. तू जेवायला गेलीस आणि मी काट्याच्या कोडमध्ये वर एक ओळ टाकली: सगळं घट्ट पॅक कर, मधे फट नको. पडद्याचा कोड मात्र जुन्या मापानेच तयार होऊन भिंतीवर चढला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढचं तू पाहिलंच आहेस. दवाखान्यात आपल्या कंपनीचे मालक नवा कोट घालून उभे, डॉक्टरीणबाई उभ्या, आणि काट्यावर चार किलोची एक मरतुकडी मांजर. काटा पाच-पाच बाइट पाठवतोय, पडदा आठ-आठ मोजून घेतोय. पुढच्या नोंदीचं डोकं या नोंदीच्या वजनात घुसलं आणि पडद्याने तो पहिलाच आकडा घट्ट धरून ठेवला. दोनशे बासष्ट टन, वर एकशे चव्वेचाळीस किलो. डॉक्टरीणबाई मांजरीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "खाणं जरा कमी करायला हवं." सगळे हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोड कुणाचा?" मी म्हणालो, "हिचा."

एवढा एकच शब्द. तू माझ्याकडे बघितलंस, केबल गुंडाळून पिशवीत घातलीस आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी राजीनामा, तिसऱ्या दिवशी मावशीचं घर. तुला वाटलं, बाबाने आपली बाजू घेतली नाही. तेवढंच असतं तर बरं होतं गं. माझी ती ओळ तुला ठाऊकच नव्हती. आणि आणखी एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही; आता वाचेल. नोंदीखाली तू एक अट लिहून ठेवली होतीस: ही नोंद आठ बाइटांची नसेल तर कोड तयारच होऊ द्यायचा नाही. मी पॅक केल्यावर कंपाइलर बरोबर त्या अटीवर अडून बसला. माझी लेक मला सांगत होती, बाबा, थांबा. मी त्या ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारल्या, म्हणजे कंपाइलरने ती वाचायचीच नाही, आणि तिला गप्प केलं. त्या संध्याकाळी ऑफिसात एकटा बसून मी दोन्ही ओळी पूर्ववत केल्या. मांजरीऐवजी माझा डबा ठेवून पाहिला. वजन बरोबर आलं. मालकांना म्हणालो, "दुरुस्त केलं." त्यांनी माझी पाठ थोपटली. ती थाप अजून दुखते.

आता पत्राचं खरं कारण. तू ज्या नव्या कंपनीत मुलाखत दिलीस, तिथल्या बाईंचा काल आमच्याकडे फोन आला: तुमच्याकडचं काम हिने का सोडलं? मालकांनी फोन माझ्या हातात दिला, "तुम्हीच सांगा, तुम्ही तिचे वरिष्ठ." मालक समोर बसलेले असताना मी वरची सगळी हकिगत सांगितली, दोन तिरक्या रेघांसकट. मालकांचा चहा तसाच राहिला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "हेच लेखी द्याल?" दिलं. त्याची प्रत सोबत आहे, खाली माझी सही आहे. त्यांनी फोन ठेवता ठेवता विचारलं, तुम्ही तिचे कोण? मी म्हणालो, सध्या तिच्याकडून शिकतोय. सोमवारी त्या तुला फोन करतील. माझा नको उचलूस, पण तो उचल.

तुझाच,
बाबा