समुद्रात वाट कोणी द्यायची

६ जुलै, रविवार. सकाळी सहा.
रात्रभर धडधड. नात संयुक्ता काल जेवताना म्हणाली, मर्चंट नेव्हीत जाणार. वय अठरा. रस्ता ओलांडताना फोनमध्ये बघते आणि जहाज चालवणार. समुद्रात सिग्नल नाही, पोलीस नाही, ब्रेकसुद्धा नाही म्हणतात. निर्णय अर्थात माझ्यावर आहे. तसं कोणी बोललं नाही, पण घरात मोठा मीच.

दुपारी.
संयुक्ताला समोर बसवलं. ती म्हणाली, अय्यो आजोबा, टक्कर होऊ नये म्हणून इंटरनॅशनल रूल्स आहेत. म्हटलं, दाखव. मला पटले तर परवानगी, नाहीतर इथेच बी.कॉम. ती म्हणाली, ओके आजोबा, डील. मुलगा कृष्णकांत पेपरमागून म्हणाला, शिका बाबा, वेळ चांगला जाईल. पेपर खाली केला नाही.

७ जुलै.
झेरॉक्स आणलं. अडतीस नियम. रोज पाच, म्हणजे आठ दिवसांत खलास. शिक्षण आठवी, पण इथे चेन्नईत रणगाड्यांच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं फिटर होतो. मशीनवरच्या सगळ्या इंग्रजी पाट्या वाचायचो.

८ जुलै.
पहिला नियम, अर्धा. एकच वाक्य नऊ ओळींचं. दिवा गेला. (आमच्या खोलीतला. बल्ब.)

१२ जुलै.
पाचवा नियम: डोळे आणि कान सतत उघडे ठेवून टेहळणी करावी. पूर्ण पटला. बायकोला वाचून दाखवला. कुमुदिनी म्हणाली, हा तुम्हाला शिकायला नको, समोरच्या फ्लॅटवर चाळीस वर्षं तेच चाललंय.
मधले तीन नियम सोपे वाटले म्हणून सोडले.

१५ जुलै. सकाळी.
चौदावा नियम: दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचं. अड्यारच्या पार्कात फिरताना प्रयोग केला. समोरून एक बाई आल्या. मी नियमाप्रमाणे उजवीकडे. त्या डावीकडे. चष्मा वाकला. बाई तमिळमध्ये बरंच बोलल्या. नियम न शिकता बाहेर पडतात, त्याला मी काय करणार.

१८ जुलै.
पंधरावा नियम फार सुंदर. दोन बोटींचे रस्ते आडवे छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा दिसतो, त्याने वाट द्यायची. दुसऱ्याने आपली दिशा आणि वेग बदलायचा नाही. मान, वय, हुद्दा काही नाही. फक्त उजवा हात.
पार्कात राममूर्ती सारना शिकवला. फॅक्टरीत ते माझे फोरमन, म्हणून अजूनही सार, म्हणजे सर. ते म्हणाले, चांगला आहे, आपल्या वर्कशॉपमध्ये असता तर तू मला वाट दिली असतीस का? दोघेही हसलो. मी जरा जास्त.

२१ जुलै.
आता एकोणिसावा चालू आहे. धुक्याचा. चेन्नईत धुकं कुठे पडतं? पुढचे दिवे आणि भोंगे संयुक्ताने स्वतः बघावेत, सगळं मीच करायचं का? थिअरी पुरे झाली. रविवारी प्रॅक्टिकल. ईसीआरवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या हायवेवरच्या खाडीत पायाने चालवायच्या बोटी मिळतात. अट लिहून ठेवतो: एक जरी धक्का लागला, तरी परवानगी नाही. घरात सांगितलं. सून सौम्या म्हणाली, मामंजी, टोपी घाला, ऊन फार असतं.

२७ जुलै, रविवार.
बोटी दोन. एकीत मी आणि कुमुदिनी, दुसरीत राममूर्ती सार आणि त्यांच्या मिसेस. काठावर संयुक्ता, मोबाइल घेऊन.
पंधरा मिनिटं उत्तम. मग सार डावीकडून आडवे आले. म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला मी. वाट त्यांनी द्यायची, मी सरळ जायचं. नियम तोंडपाठ होता. पण सार समोर आले आणि पाय थांबले. चौतीस वर्षांची सवय. मी ओरडलो, सार, नींग पोंग, तुम्ही आधी! ते ओरडले, नाही नाही, रूलप्रमाणे तू! मी म्हटलं, असं कसं सार. ते थांबले. मी थांबलो. बरं दिसत नाही म्हणून ते निघाले. त्यांना फार वेळ थांबवलं असं वाटून मीही निघालो.
कुमुदिनीची चप्पल पाण्यात. सारांच्या मिसेस म्हणाल्या, लग्नात पंगतीला बसतानासुद्धा ह्या दोघांचं असंच.
संयुक्ता काठावर खाली बसून हसत होती.

२८ जुलै.
अट म्हणजे अट. परवानगी नाही. सकाळपासून तोंडाला चव नाही. संयुक्ताने दोनदा विचारलं, आजोबा, बरं नाही का?

२९ जुलै. पहाटे.
उलगडा झाला. धक्का नियमामुळे लागला नाही, आदरामुळे लागला. समुद्रात ओळखीचं कोणी नसतं. म्हणजे धोका नाहीच. परवानगी द्यायला हरकत नाही. अक्षर चांगलं यावं म्हणून नवीन पेनने लिहिली. एकूण सात अटी. पहिली: रोज फोन.

३० जुलै. रात्रीचं जेवण.
सगळे बसल्यावर उभं राहून वाचली. तिसऱ्या अटीला कृष्णकांत म्हणाला, बाबा, बसा. उद्या तिची गाडी आहे. कोचीनला, ट्रेनिंगला. ॲडमिशन मे महिन्यातच झाली. मेडिकल झालं, फॉर्मवर मी सही केली. तुमचं बीपी बघून कोणी बोललं नाही.
कुमुदिनीलाही माहीत होतं. लाडू झालेसुद्धा.
संयुक्ता म्हणाली, आजोबा, पुढचं वाचा ना. चौथी अट काय?
वाचल्या. सातही. तिने कागद घडी करून पासपोर्टमध्ये ठेवला. म्हणजे औपचारिकता पूर्ण झाली.

३१ जुलै.
सेंट्रल स्टेशनवर सोडून आलो. वाकून नमस्कार केला तिने. आशीर्वाद म्हणून काहीतरी नीट बोलायचं ठरवलं होतं. नजर ठेव, एवढंच म्हणालो.

३ ऑगस्ट, रविवार.
फोन आला. पोहायला शिकवतात, मेसमध्ये भात जाड आहे. कृष्णकांतकडून फोन माझ्याकडे येईपर्यंत तिकडे घंटा झाली, तिने फोन ठेवला.
राममूर्ती सार विचारत होते, पोरगी गेली का. म्हटलं, गेली, मी परवानगी दिली.
घरी आलो. सगळ्यांना सांगितलं, निर्णय विचार करून घेतला आहे, आता कोणी तोंड पाडून बसायचं नाही.
रात्री मला जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.