न हललेला हात

ता. ९, सोमवार, दुपार

चिमणे, तुला मनापासून आशीर्वाद.

आधी आला तो मशीनवाला, चपला काढायच्या आतच पाणी मागितलं. मागून डॉक्टरीणबाई, जिना चढून धापा टाकत. सूनबाई घड्या घालत बसलेली, तिची कोण धांदल. पण थांब, तुला ही माणसं कोण हेच ठाऊक नाही.

माझेही हात थरथरायला लागले होते गं, चार वर्षांपासून. शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत पोचेना. मागच्या महिन्यात डोक्यात तारा बसवून घेतल्या. गळ्याखाली साबणाच्या वडीएवढं यंत्र आहे, त्यातून मेंदूला बारीक वीज जाते; ती कमीजास्त करून देतो तो मशीनवाला. केस साळिंदरासारखे उभे आहेत, पण अक्षर बघ. तिसरी शिकलेल्या बाईच्या मानाने सरळ आहे की नाही? भरला पेला न सांडता प्यायले ते सूनबाईला तीनदा करून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, आता पाणी संपेल.

ऑपरेशनात जागंच ठेवतात, डोकं चौकटीत घट्ट. डॉक्टरीणबाईंचा अभ्यास आहे, हात हलवताना मेंदूतल्या कुठकुठल्या जागा एकमेकींशी बोलतात त्याचा. वीस मिनिटं जास्त लागतील, चालेल का, असं आधीच विचारलं होतं. म्हटलं, डोकं उघडणारच आहात तर बघून घ्या. मूठ उघड, मीट, सगळं केलं. मग म्हणाल्या, "आजी, आता हात हलवायचा नाही. नुसतं मनात आणा, हात पुढे करून काहीतरी घेताय."

आज त्यांनी त्या वेळच्या मेंदूच्या रेघा कागदावर दाखवल्या. हात गादीवर पडलेला आणि रेघा नुसत्या उसळलेल्या. मनात काय घेत होतात, विचारलं. म्हटलं, दोरीवरचे कपडे. खोटं बोलले.

तुझ्या हातातला ट्रे घेत होते. पाहुण्यांसमोर कप खणखणायला लागले तेव्हा हिसकावला, आणि म्हटलं, "राहू दे, सोंग पुरे." अकरा वर्षं झाली. तू चपला घालून गेलीस ती गेलीस. मला खरंच वाटायचं, काम चुकवतेस.

माझा हात पहिल्यांदा थरथरला त्याच दिवशी कळलं. तेव्हाच लिहायचं होतं. पण असलं वाकडं अक्षर तुला कसं दाखवू, म्हणून चार वर्षं घालवली. बघ कसला माज.

त्या निघाल्या तेव्हा जिन्यात गाठून खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बहिणीचा हात अजून थरथरतो का?"

मला ठाऊकच नव्हतं गं. सख्ख्या बहिणीचं.

एकाच घरात असतं म्हणे हे कधी कधी. घेऊन या, तपासू, म्हणाल्या. बरं होईलच असा शब्द दिला नाही, मीही देत नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. मी स्वयंपाकघरात बसेन, बोलले नाहीस तरी चालेल. हाताचं तेवढं दाखव.

दोघं पुढच्या गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दहाला परत येतो म्हणाले आहेत.

तुला सोंगाडी म्हणणारी,
तुझी थोरली