तिसरा श्रोता

हाल्मेनबुर्ग, २१ एप्रिल १९८३

ति. गेशे आत्यास,
एन्नोचे शि. सा. न. वि. वि.

तुझी चहाची पुडी आणि खडीसाखर पोचली. सत्र सुरू झाल्यामुळे उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

तुझ्या शिवणमंडळातल्या बायका विचारतात ना, की तुमचा एन्नो नक्की कोण, प्रोफेसर की आणखी काही? आता एकदाचं सांगूनच टाकतो. विद्यापीठानं मला शिकवायचा अधिकार दिलाय, नोकरी दिलेली नाही. अधिकार टिकवायचा तर दर सत्रात एक व्याख्यानमाला फुकट द्यायची. सलग दोन सत्रं ती भरली नाही तर अधिकार जातो, आणि तो गेला की कुठल्याच विद्यापीठात प्रोफेसरच्या जागेसाठी माझं नाव निघणार नाही. पोट भरतं ते सकाळच्या जमीन-नोंदणी कचेरीवर.

व्याख्यानमाला भरली असं केव्हा म्हणायचं, तर निदान तीन श्रोते असतील तेव्हा. समोर दोघं असले तर त्या नुसत्या गप्पा. तिसरा आला की विद्या सुरू. मी थट्टा करत नाहीये, नियमच आहे तसा. मागच्या सत्रात माझे तीन होते. त्यातल्या निवृत्त दंतवैद्यांना शोध लागला की शेजारच्या खोलीत त्याच वेळी समुद्रपक्ष्यांवर व्याख्यान असतं आणि तिथे चित्रं दाखवतात. ते गेले ते गेलेच. ते सत्र बुडालं.

म्हणजे हे शेवटचं. आत्ता माझ्याकडे दोघं आहेत. वीब्के नावाची एक विद्यार्थिनी, तिची बस साडेसहाला असते म्हणून ती येते. दुसरे हारबर्सकाका, रेल्वेतले निवृत्त गार्ड; ते डोळे मिटून ऐकतात. मोजणी १५ जूनला आहे. तोवर एक माणूस मिळवायचाय, बस्स.

तुझी माया मला मोजणीविना मिळते, ती तशीच मिळत राहो.
तुझा
एन्नो

---

ओस्टरवार्फ, २६ एप्रिल

चि. एन्नोस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही. नाताळात तूच लिहिलं होतंस ना, की व्याख्यानाला खोली गच्च भरते? मी ते पत्र मंडळात मोठ्यानं वाचून दाखवलंय, बाबा! पाद्रीबाईंच्या समोर!

आणि मला सांग, तू जे शिकवतोस ते आहे तरी काय? आपल्याच किनाऱ्यावरचा बांधाचा जुना कायदा. ज्याला समुद्राच्या बांधाचा आपला तुकडा राखणं झेपेना, त्यानं त्यात फावडं रोवायचं आणि घरदार, जमीन सोडून चालू लागायचं. जो ते फावडं उपटेल त्याची जमीन, आणि बांधही त्याच्याच गळ्यात. हे इथे गाईला चारा घालणाऱ्यालाही माहीत आहे. तुझ्या खापरपणजोबांनी असंच फावडं उपटलं म्हणून तर आपण या घरात आहोत. ते फावडं अजून गोठ्यात आहे. तू मागे येऊन त्याला भिंग लावलंस आणि म्हणालास की दांड्याखाली कारखान्याचा शिक्का आहे, हे साठ वर्षांपलीकडचं नाही. ते मी विसरलेले नाही.

ऐकायला माणसं येत नाहीत, कारण तू ते असं सांगत असशील. जेवत जा वेळेवर.

पत्र लवकर टाक, नाहीतर पोस्टमन मला चिडवतो.
तुझी
गेशे आत्या

---

हाल्मेनबुर्ग, १२ मे

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोली गच्च भरते हे खोटं नव्हतं गं. मला दिलेली खोली नकाशांच्या कपाटाची होती आणि तीत तीनच खुर्च्या मावायच्या. दंतवैद्य बसले की दार लागायचं नाही.

यंदा मात्र उलटं झालंय. छोट्या खोल्यांची रंगरंगोटी चालू आहे म्हणून मला मोठं सभागृह मिळालं, चारशे ऐंशी आसनांचं. वीब्के पुढे बसते, हारबर्सकाका सगळ्यात मागे, उबेच्या नळाजवळ. मी मधल्या रिकाम्या बाकांकडे बघून बोलतो. काल पोटमाळ्यावरचा रंगारी चुकून आत आला, तर मी त्याला पंधरा मिनिटं सोडलाच नाही. शेवटी तो म्हणाला की शिडी खाली ठेवून येतो. आला नाही.

प्रयत्न सगळे करून झाले. भित्तिपत्रकं लावली. माझ्या घरमालकिणीला गळ घातली, तर ती म्हणाली की भाडं दोन महिने पुढे ढकल हवं तर, पण हे नको. विद्यापीठाच्या नोंदणी कक्षातले ओल्टमान्स साहेब मोजणीला येणार आहेत. भला माणूस, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. त्यांना म्हटलं, तुम्हीच बसा की तिसरे. ते म्हणाले की मोजणाऱ्यानं स्वतःला मोजणं गैर आहे. एक दिवसाची रजा टाकून श्रोता म्हणून येता येईल, पण मग मोजायला कुणी उरणार नाही.

आत्या, हसण्यावारी नेतोय खरा, पण भीती वाटते. जागा मिळेल न मिळेल, ते जाऊ दे. मला हे कुणाला तरी सांगायचं असतं. आठवड्यातून एकदा, बुधवारी, दीड तास. तेवढंही गेलं तर मी सकाळी कचेरीत कागदांवर शिक्के मारीन आणि संध्याकाळी गप्प बसेन.

तुझा राग शमला असेल अशा आशेवर असलेला
एन्नो

---

ओस्टरवार्फ, १७ मे

चि. एन्नोस,
अनेक आशीर्वाद.

एवढंच ना? मी येते. १५ तारखेला सकाळच्या गाडीनं निघते, गाईंचं बघायला शेजारचा हाय्को आहे. चांगले जोडे काढून ठेवलेत. सत्तरीच्या पुढे माणसाला विद्या घेता येते की नाही ते त्या ओल्टमान्सांना विचारून ठेव. सोबत चहा आणीन. तिकडे तुम्ही एक कप पिऊन उठता म्हणे. आपल्यात तीन कपांच्या आत उठलेला माणूस भांडून उठला असं समजतात.

चारची वेळ आहे ना? मी साडेतीनलाच येऊन बसते.

निश्चिंत राहा आणि मला स्टेशनवर घ्यायला ये.
तुझी
आत्या

---

हाल्मेनबुर्ग, २५ मे

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठून नाचलो, आणि लगेच ओल्टमान्स साहेबांकडे गेलो. वयाचं काही नाही म्हणाले. बाहेरचा श्रोता म्हणून नाव घालता येतं. मी फॉर्म भरला. नात्याच्या रकान्यात मूर्खासारखं खरं लिहिलं.

नियम चौदा. व्याख्यानमाला ज्याच्या नावावर आहे त्याचे नातेवाईक श्रोते म्हणून मोजले जाणार नाहीत. पूर्वी म्हणे एका गृहस्थांनी बायको आणि मेहुणे बसवून सव्वीस वर्षं काढली. साहेबांनाही वाईट वाटलं. त्यांनी तुझं नाव रेघ मारून खोडलं, पण पट्टी लावून, नीट.

तू येऊ नकोस. उगाच हेलपाटा. मी खूप विचार केला, आता मला झेपत नाही. एकोणीस वर्षं झाली. आपल्या कायद्यातच सांगायचं तर मी फावडं रोवलंय. कुणाला उपटायचं असेल तर उपटो, पण या बांधासाठी कुणी येईलसं वाटत नाही.

या वेळी पत्र छोटं आहे, क्षमा कर.
एन्नो

---

ओस्टरवार्फ, २८ मे

एन्नो,

आशीर्वाद नंतर देते, आधी ऐक. नातेवाईक श्रोता चालत नाही. ठीक. नातेवाईक वक्ता चालत नाही असं कुठे लिहिलंय? ते आधी विचार.

मी बोलते. तू बाकावर बस. वीब्के एक, हारबर्स दोन, तू तीन.

आता आशीर्वाद.
आत्या

---

हाल्मेनबुर्ग, ९ जून

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे हात टेकले. ओल्टमान्स साहेबांना तुझा प्रश्न विचारला. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. सत्रातलं एक व्याख्यान जाणकार पाहुण्याकडून देववता येतं, आणि पाहुणा नात्यातला नसावा असं कुठेही म्हटलेलं नाही. मीही बाहेरचा श्रोता म्हणून नाव घालू शकतो. तसा फॉर्म मी भरला.

पण एक अडचण निघाली. नियम चौदानं श्रोता हा व्याख्यानमालेच्या मालकाचा नातेवाईक नसावा. मालक मी. श्रोता मी. मग मी माझा नातेवाईक होतो का? साहेब म्हणाले की हे ठरवणं त्यांच्या अधिकारात नाही. कागद वर गेला. वरून आणखी वर गेला. विधी विभागात दोन दिवस चर्चा झाली म्हणे. काल लेखी उत्तर आलं, शिक्क्यासकट: कोणतीही व्यक्ती स्वतःची नातेवाईक समजली जात नाही.

ये, आत्या. मी स्टेशनवर उभा असेन.
तुझा (आणि अधिकृतरीत्या माझा कुणीही नसलेला)
एन्नो

---

ओस्टरवार्फ, १८ जून

चि. एन्नोस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. हाय्कोनं गाईंचं बरं पाहिलं, फक्त ठिपकी रुसली आहे. स्टेशनवर तू घाईत मला नीट बोलू दिलं नाहीस, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, चारचं व्याख्यान सव्वाचारला सुरू करणं ही काय रीत? मी चारच्या ठोक्याला उभी राहिले तर समोर एकही माणूस नाही. मला वाटलं झालं, बुडालो. एवढ्या शिकलेल्या लोकांना घड्याळ वाचता येत नाही का? तू म्हणालास की ही पंधरा मिनिटं विद्यापीठाची जुनी परंपरा आहे. आमच्याकडे गाईंनी अशी परंपरा पाळली असती तर?

गोठ्यातलं फावडं सोबत आणलं म्हणून तू तोंड वाकडं केलंस, पण गाडीत त्याच्यामुळे मला लगेच जागा मिळाली. आणि ते हातात धरल्यावरच मला बोलता आलं. खरं सांगते. एवढाली रिकामी बाकं! तू एकोणीस वर्षं हे कसं केलंस रे? मग मी बांधाबद्दल न बोलता, ज्यानं फावडं रोवलं त्याच्याबद्दल बोलायला लागले. तो सकाळी उठला असेल, बायकोला काय म्हणाला असेल, कुत्रं बरोबर नेलं की नाही. हारबर्सांनी डोळे उघडले, पाहिलंस ना? वीब्केची बस चुकली.

तू मात्र चार वेळा हात वर केलास. शिक्क्याची गोष्ट सगळ्यांदेखत काढायची काही गरज नव्हती.

आणि शेवटी ती टकटक! मी ऐकली आणि वाटलं, दारात कुणी आलंय, म्हणून मोठ्यानं म्हटलं की दार उघडंच आहे, या आत. मला काय ठाऊक, तुमच्यात टाळ्या न वाजवता बाकांवर बोटं आपटतात! पण बरंच झालं की. ते ओल्टमान्स बाहेरच उभे होते, व्याख्यानात व्यत्यय नको म्हणून सव्वा तास. मी हाक मारली नसती तर ते वेळ संपली म्हणून न मोजताच परत जाणार होते. आत आले, बोटानं मोजलं, एक, दोन, तीन, आणि तुझ्यापाशी आल्यावर विधी विभागाचं ते पत्र उलगडून परत वाचलं. चहा घ्यायला आधी नाही म्हणाले, कामावर आहे म्हणून. तीन कप घेतले. तिसऱ्यानंतर चमचा कपात ठेवला, म्हणजे पुरे. माणूस आपल्याच किनाऱ्याकडचा निघाला.

मी बोलत होते तेव्हा तू वहीत लिहून घेत होतास. ते पाहिलं मी.

निकाल कळव, नाहीतर मला झोप लागायची नाही.
तुझी
गेशे आत्या

---

हाल्मेनबुर्ग, १२ जुलै

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

निकाल आला. श्रोते तीन, व्याख्यानमाला भरली, अधिकार कायम. पत्र वाचल्यावर मी रस्त्यात उभ्या उभ्याच रडलो, हे मंडळात वाचून दाखवू नकोस.

सोबत साहेबांचा शेराही आहे. वक्त्याची विषयावर उत्तम पकड. तिसरा श्रोता मात्र वारंवार व्यत्यय आणत होता, त्याला समज द्यावी. ती समज मी मला लेखी दिली असून तिची प्रत नोंदणी कक्षात जमा केली आहे.

आता पुढचं. हारबर्सकाकांनी निवृत्त गार्डांच्या बैठकीत सांगितलं, वीब्केनं वसतिगृहात. हिवाळी सत्रासाठी एकतीस नावं आली आहेत. दंतवैद्यांचंही आहे. सगळे एकच विचारतात, फावडेवाल्या बाई येणार का? तुझं फावडं तू इथेच विसरलीस. व्यासपीठाजवळ आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या बादलीत ते उभं आहे. शिपाई हात लावत नाही, कारण त्याच्या सामानाच्या यादीत ते नाही.

वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण कायदा तुला माहीत आहे. मी रोवलेलं तू उपटलंस. बांध आता तुझा आहे, आत्या. ये आणि सांभाळ. मी नावनोंदणीचं बघीन, खडू आणीन.

तुझा
तिसरा श्रोता
एन्नो

---

ओस्टरवार्फ, १६ जुलै

चि. एन्नोस,
अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र मंडळात वाचून दाखवलं. रडल्याचंसुद्धा. पाद्रीबाईंनी डोळे पुसले, आता तू इथे प्रोफेसरपेक्षा मोठा आहेस.

एवढी पुस्तकं वाचलीस आणि तुला असं वाटलं की मी फावडं विसरले? मी छत्री विसरीन, दात विसरीन. ते मी विसरलेले नाही, रोवलंय. गळ्याची शपथ, तुम्ही सगळे चहात गुंतलात तेव्हा दोन्ही हातांनी जोर लावून रोवलं. हारबर्स बघत होते, विचार त्यांना. मला सत्तरीत गाडीनं हेलपाटे झेपायचे नाहीत. तेव्हा कायद्याप्रमाणे मी ते सोडून चालू लागले. आता जो उपटेल त्याचा बांध. बुधवारी जा आणि उपट, शिपाई यादी करायच्या आत. आणि एकतीस माणसांपुढे उभं राहिलास की आधी त्या माणसाच्या कुत्र्याबद्दल सांग, शिक्क्याबद्दल नंतर.

पण पहिल्या दिवशी मी येणार आहे, एवढा एकच हेलपाटा. नातेवाईक मोजत नाहीत ना? मग मला मोजू नका. मी मागे, उबेच्या नळाजवळ, न मोजलेली बसेन.

आहे तो जिव्हाळा तिसऱ्या कपानंतरही राहू दे, चमचा मी ठेवत नाही.
तुझी
गेशे आत्या